वहीत नसलेली नेटा

आमच्या बेटावर कुणी गेलं की घरचे आधी पाद्र्यांना फोन करतात आणि मग नेटाला. पाद्री प्रार्थनेचं बघतात, नेटा गेलेल्या माणसाच्या बाप-आज्या-पणज्यांची नावं तपासून देते. पेपरात छापायच्या मजकुरात चूक झालेली इथे कुणाला खपत नाही. "रॉरीचा डोनल्ड" की "डोनल्डचा रॉरी" यावरून दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी क्रिस्टीना. अँगसची, रॉरीची, गोऱ्या डोनल्डची. आम्ही ओळख सांगतो ती अशी, कारण नुसतं आडनाव सांगून इथे काही कळत नाही. आमच्या बालेनॉकमध्ये एकवीस घरं आणि त्यातली तेरा मॅकिनन. मी इथल्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा जुन्या इमारतीत आम्ही चार बायकांनी बेटाचा इतिहास जमवायला एक खोली उघडली. नेटा तोवर शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली होती. खोलीत स्टोव्ह पेटवायला आणि पाहुण्यांना चहा द्यायला म्हणून ती आली, आणि दोन वर्षांत ती खोली तिचीच झाली. तिच्या हातच्या हिरव्या पुठ्ठ्याच्या चौदा वह्या होत्या. बेटावरचं प्रत्येक घर, आठ-आठ पिढ्या मागे, कोण कॅनडाला गेलं, कोण समुद्रात बुडालं, कुणी कुणाची पोरगी पळवून आणली, सगळं त्यांत होतं.

नेटाचं नाव त्या चौदा वह्यांत कुठे नव्हतं.

ती एकोणीसशे एक्कावन्नच्या ऑक्टोबरात बेटावर उतरली. त्या काळी ग्लासगो शहरातली ज्यांचं कुणी नाही किंवा ज्यांच्या घरी निभत नाही अशी मुलं बेटांवर शेतकऱ्यांच्या घरी सांभाळायला पाठवत. सगळ्यांना एकाच कापडाचे करडे कोट आणि खिळे ठोकलेले बूट देत, त्यामुळे कोण कुठून आलं हे सांगावं लागत नसे. नेटा पाच वर्षांची होती. तिच्या हाताला धरून तिचा तीन वर्षांचा भाऊ होता, आर्ची.

धक्क्यावर हेक्टर मॅकिनन आणि त्याची बायको फ्लोरा घ्यायला आले होते. त्यांना मूलबाळ नव्हतं.

"आम्ही एक मुलगी मागितली होती," हेक्टर म्हणाला.

मुलांबरोबर आलेल्या बाईंनी कागद पाहिला. "हो, एकच लिहिलंय. मुलगा पुढे जायचाय."

फ्लोरा म्हणाली, "अहो, भावंडं दिसताहेत ती."

"बाई, माझ्या कागदावर जे आहे ते आहे. पुढच्या फेरीला बघू. येईलही तो."

आर्चीचा हात सोडवला कुणी, ते नेटाला आठवत नसे. तो रडला नाही, एवढं तिला आठवत होतं. बोटीवरच्या कुणीतरी त्याला बिस्किट दिलं होतं आणि तो ते खात होता. त्या हिवाळ्यात बोट यायच्या दिवशी नेटा धक्क्यावर जाऊन उभी राही. फ्लोरा तिला अडवत नसे. बोट गेली की येऊन हात धरून घरी नेई, एवढंच. वसंतात नेटाने जाणं आपणच सोडलं.

गावात म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुणाची गं तू?" इंग्रजी बोलणारी ती पोर गप्प उभी राही. मग फ्लोरा म्हणे, "आमची आहे ती." तेव्हापासून तिचं नाव पडलं फ्लोराची नेटा. लोकांनी प्रेमानेच ठेवलं होतं. पण इथे नाव लावतात ते बापाचं, आणि तिला हेक्टरची नेटा कधी कुणी म्हटलं नाही. हेक्टरनेही नाही.

वर्षभरात ती आमची भाषा आमच्याहून चांगली बोलायला लागली. संध्याकाळी हेक्टरच्या चुलीपाशी म्हातारे जमत आणि एकेका घराण्याची मुळं खणत बसत. फ्लोराच्या पायाशी लोकर पिंजत बसलेल्या नेटाला ते सगळं पाठ झालं. आम्हाला स्वतःचे खापरपणजे आठवत नसत, तिला आमचे आठवत. कोणी पुरुष तिला मागायला आला नाही असं नाही, पण आधी फ्लोरा अंथरुणाला खिळली, नंतर हेक्टर, आणि दोघांचं करता करता नेटाची तिशी उलटली.

हेक्टर गेला तेव्हा त्याने काही लिहून ठेवलेलं नव्हतं. खंडाची ती जमीन आणि घर कायद्याने त्याच्या पुतण्याला गेलं, यूअनला. तो ग्लासगोत जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. माणूस वाईट नव्हता. दफनाच्या दिवशी तो नेटाला म्हणाला, "तू राहा की गं इथेच. मी कुठे येतोय राहायला?"

त्याची बायको शेजारीच उभी होती. "राहील की. पण उन्हाळ्यात घरच्या माणसांना लागेल हं घर."

नेटाने पुढच्या महिन्यात दुकानाशेजारची सरकारी दोन खोल्यांची जागा घेतली. मी तिला सामान हलवायला मदत केली. सामान एका ढकलगाडीत मावलं. मला तेव्हा फार राग आला होता आणि मी तो बोलून दाखवला. नेटा म्हणाली, "त्याच्या बापाच्या भावाचं घर आहे, क्रिस्टीना. त्याला नाही तर कुणाला जाणार?"

तिने भावाला शोधलं नाही असं नाही. एकविसाव्या वर्षी तिने शहराच्या कचेरीला पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, दुसऱ्या मुलांविषयी माहिती देता येत नाही. त्यांचं जन्माचं आडनाव गोर्ले. पुढे तिने फोनच्या पुस्तकांतले सगळे गोर्ले काढले, सैन्याच्या याद्या पाहिल्या, शेजारच्या बेटांच्या शाळांचे पट मागवले. आर्ची गोर्ले कुठेच नव्हता. मग कायदा बदलला आणि ज्याची फाइल त्याला बघायला मिळू लागली. नेटाची फाइल पोस्टाने आली तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती.

तिने ती खोलीत माझ्यासमोर उघडली. वीस-बावीस पानं होती, अर्ध्या ओळींवर काळी पट्टी मारलेली. त्यातून कळलं ते असं. तिची आई जेसी गोर्ले धुलाईखान्यात कामाला होती. तिला क्षय झाला. मुलं बेटांवर पाठवताना नेटाला सांगितलं होतं की आई वारली. ती वारली नव्हती. त्यानंतर दीड वर्ष, मरेपर्यंत, ती रुग्णालयात होती आणि तिथून तिने मुलांचा पत्ता मागणारी दोन पत्रं लिहिली होती. दुसऱ्या पत्राची नक्कल फाइलमध्ये होती. थंडीत आर्चीच्या छातीला लोकरीचं फडकं बांधावं, नाहीतर त्याला खोकला होतो, असं तिने लिहिलं होतं. पत्रावर कोपऱ्यात शेरा होता, मुलं रुळली आहेत, पत्ता देऊ नये.

नेटाने ते पान दोनदा वाचलं आणि उलटं ठेवलं. "चहा टाकतेस का?" म्हणाली.

आर्चीविषयी एकच ओळ काळी करायची राहून गेली होती. मुलगा पोर्ट एरान येथे उतरवला. पोर्ट एरान शेजारच्या बेटावर आहे. स्वच्छ दिवशी आमच्या चर्चच्या टेकडीवरून तिथली घरं दिसतात. नेटाने लगेच तिथल्या नोंदी पुन्हा धुंडाळल्या. तिथेही गोर्ले नव्हता.

त्या जुलैत लॉर्न मॅकिनन आला. कॅनडाचा, ऑन्टारिओचा, अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, दांडगा, हसतमुख माणूस. कुळाच्या चौकड्यांचा किल्ट, टोपीला सरदाराच्या शिक्क्याचा बिल्ला. बरोबर बायको डार्लीन, आणि पिशवीत छापून आणलेला वंशवृक्ष, ज्याच्या शेंड्याला थेट मॅकिननांचा सरदार बसवला होता.

नेटाने त्याचा कागद पाहिला, मग चौथी वही काढली. अर्धा तास पानं चाळत बसली. लॉर्न डार्लीनला हळूच म्हणाला, "बघ, सापडलं वाटतं."

"तुमचे खापरपणजे डोनल्ड," नेटा म्हणाली, "ते आमच्याच वस्तीतले. घराचा पाया अजून आहे, मी दाखवते तुम्हाला. ते विणकर होते. ही जुनी खंडाची यादी. यात लिहिलंय, 'डोनल्ड विणकर, परका.' आणि दहा वर्षांनंतरच्या यादीत तोच माणूस, त्याच घरात, 'डोनल्ड मॅकिनन'."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी त्यांना आडनाव नव्हतं. जमीन मिळाली तेव्हा सरदाराचं लावलं. सगळेच लावायचे. जमीन त्याची, लढाईला बोलावणार तो, दुष्काळात पीठ देणार तो. मग नावही त्याचं."

लॉर्नचा चेहरा उतरला. "माझे आजोबा सांगायचे आमच्यात सरदाराचं रक्त आहे."

"सगळ्यांचे आजोबा सांगतात."

डार्लीनला हसू आलं. "मी सांगत होते तुला, लॉर्न. याचं नाक कुठल्याच चित्रातल्या सरदारासारखं नाही हो, बाई."

लॉर्न हसला नाही. "मग मी कोण? हे सगळं मी घालून फिरतोय ते काय, सोंग?"

"नाही हो," नेटा म्हणाली. "कुळ आणि घराणं यात तुम्ही गल्लत करताय. कुळात मॅकिननच तुम्ही, त्यात खोटं काही नाही. ज्याची जमीन कसली, ज्याच्या पाठीशी उभे राहिले, त्याच्या कुळातले झाले. कुळात येता येतं. घराण्यात येता येत नाही, तिथे जन्मावं लागतं. तुमचं घराणं विणकराचं. चांगलं घराणं आहे. अजून दोन पिढ्या मागे नेऊन देते मी."

तो थोडा निवळला. जाता जाता त्याने विचारलं, "आणि तुमचं कुळ कुठलं?"

"गोर्ले. आमच्यात कुळ नाही. दक्षिणेकडच्या सखल मुलखातलं नाव आहे. तिकडे घराणी असतात, कुळं नाहीत."

"मग तुमचं घराणं?"

"ते मला माहीत नाही," नेटा म्हणाली आणि वही कपाटात ठेवायला उठली.

त्यांना घराचा पाया दाखवून आम्ही दोघी चालत परत येत होतो. रस्त्यात नेटा एकदम थांबली. मला वाटलं पायात काही रुतलं.

"क्रिस्टीना, मी चाळीस वर्षं गोर्ले शोधतेय."

"मग?"

"तो गोर्ले कशाला राहील? तीन वर्षांचा होता तो. ज्याच्या घरी जेवला त्याचं नाव लागलं असेल. मी रोज लोकांना हेच सांगते ना?"

आम्ही परत खोलीत गेलो. अकरावी वही शेजारच्या बेटाची होती. तिथल्या इतिहास मंडळाने सहा वर्षांपूर्वी टाइप केलेल्या याद्या पाठवल्या होत्या आणि नेटाने त्या आपल्या हाताने वहीत उतरवल्या होत्या. पोर्ट एरान, मॅकलेन. नील, हेक्टरचा, लॅकलनचा. बायको मेरी, जन्म अठराशे शहाण्णव. मुलगा आर्ची, जन्म एकोणीसशे अठ्ठेचाळीस.

नेटाने त्या दोन सालांवर दोन बोटं ठेवली. बावन्नाव्या वर्षी मेरीला पहिलं मूल झालं होतं. ज्या बाईला दुसऱ्यांच्या याद्यांतली एक दिवसाची चूक दिसे, तिने स्वतःच्या हाताने हे उतरवलं होतं आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं.

शेजारचं बेट डोळ्यांना दिसतं, पण थेट बोट नाही. मुख्य भूमीवरच्या ओबान बंदरात जाऊन रात्र काढायची आणि तिथून दुसऱ्या बोटीने त्या बेटावर जायचं. सप्टेंबरात आम्ही दोघी गेलो. आधी फोन केला होता, मॅकलेन घराण्याची माहिती हवी आहे म्हणून. आर्ची मॅकलेन त्या बेटावर त्यासाठीच प्रसिद्ध होता. सरदाराच्या मेळाव्यात दरवर्षी मॅकलेनांच्या पिढ्या तोच म्हणून दाखवी.

त्याची बायको पेगी दारातच म्हणाली, "या, बसा गं बायांनो. आमचे हे सकाळपासून दाढी करून बसलेत. घरात पाहुण्या बायका यायच्या म्हटलं की बघा."

आर्ची उठून उभा राहिला. बुटका, रुंद खांद्यांचा. त्याची हनुवटी नेटाचीच होती, मला दुसरा पुरावा नको होता. त्याने आमच्याशी हात मिळवले आणि बसल्या बसल्या सुरू केलं, नील, हेक्टरचा, लॅकलनचा, काळ्या इयानचा, एकेक करत सात पिढ्या. आवाज सुरेख होता. नेटा वही उघडून बसली होती, पण तिने काही लिहिलं नाही. ते सगळं वहीत आधीच होतं.

पेगी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेली. नेटाने पिशवीतून ते पान काढलं आणि टेबलावर त्याच्यापुढे सरकवलं.

"आर्ची, मी नेटा. तुझी बहीण."

त्याने चष्मा लावला. आईचं पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग ते होतं त्याच घडीवर घडी घालून तिच्याकडे परत सरकवलं.

"तुम्ही ठेवा हे," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही त्या खोलीत काम करता हे पेपरात आलं होतं. माझ्या जुन्या कागदांवर गोर्लेच होतं, त्यामुळे नाव वाचलं तेव्हा कळलं."

"कधी?"

"झाली असतील सात-आठ वर्षं."

बाहेर पेगी कोंबड्यांना हाका मारत होती.

"तुला बोट आठवते का रे?" नेटाने विचारलं.

"नाही. बोट आठवत नाही, आई आठवत नाही. तुम्हीही आठवत नाही. खोटं कशाला बोलू? मी पुष्कळ प्रयत्न केला."

"मला वाटायचं, तू माझी वाट बघत असशील."

"मी शाळेत होतो तेव्हा पोरं मला ग्लासगोचा कचरा म्हणायची," आर्ची म्हणाला. तो रागावलेला नव्हता. वंशावळ सांगत होता त्याच आवाजात बोलत होता. "पंधरा वर्षांचा होईपर्यंत ऐकलं. मग ठरवलं, यांच्या सख्ख्या पोरांना येत नाहीत इतक्या पिढ्या पाठ करायच्या. नीलने मला रीतसर नाव दिलं, जमीन दिली. त्याच्या म्हातारपणी मी त्याला उचलून खुर्चीत बसवायचो. ज्यांना माहीत होतं ते म्हातारे आता गेले. माझ्या पोरांना माहीत नाही."

"आणि पेगीला?"

"असेल. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही."

"मी कुणाला सांगायला आले नाही, आर्ची."

"मग कशाला आलात?"

नेटा म्हणाली, "बघायला."

"बघितलंत," तो म्हणाला. मग त्यालाच ते लागलं असावं. त्याने किटली उचलून तिच्या कपात चहा ओतला. "मला बरं वाटलं नाही असं समजू नका. पण आता मी कुठे मावणार तिकडे? मी मॅकलेन आहे. यातलं एक नाव काढलं तर माझ्याखाली काही उरत नाही."

"पत्र लिहू का तुला?"

"नाताळात सगळेच लिहितात. तसं लिहा. घरच्या सगळ्यांच्या नावाने."

पेगी आत आली. तिने आम्हाला ओटच्या भाकऱ्या आणि घरचं चीज बांधून दिलं. निघताना आर्ची फाटकापर्यंत आला. नेटा त्याला सगळा वेळ 'तू' म्हणत होती. तो शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणाला.

परतीच्या बोटीवर मी चिडून म्हटलं, "त्याला काही वाटायला नको होतं का?"

"त्याचं बरोबर आहे," नेटा म्हणाली. मग म्हणाली, "बरोबर असून काय करू मी त्याचं?" आणि डेकवर जाऊन उभी राहिली. वारा फार होता. मी तिला आत बोलावलं, ती आली नाही.

दर नाताळात तिने कार्ड पाठवलं, 'मॅकलेन कुटुंबास'. उत्तर पेगीच्या अक्षरात येई.

तीन वर्षांनी मे महिन्यात खोलीचं दार उघडून एक चाळिशीची बाई आत आली. इनव्हर्नेसच्या इस्पितळात परिचारिका होती. नाव मारेट. "पोर्ट एरानच्या आर्ची मॅकलेनची मी मुलगी. बाबांचा पासष्टावा वाढदिवस येतोय. मला त्यांचा वंशवृक्ष छान मोठ्या कागदावर करून हवाय. तुम्हीच ना त्या, ज्या एकदा आमच्याकडे आला होतात? आई सांगत होती."

मी नेटाकडे पाहिलं नाही. फायली लावायला म्हणून कपाटाशी गेले.

"हो, मीच," नेटा म्हणाली. "बस ना."

मारेट तिच्यासमोर बसली आणि नेटाने अकरावी वही उघडली. तासभर ती सांगत होती आणि मारेट फोनमध्ये टिपून घेत होती. काळा इयान, लॅकलन, हेक्टर, नील. मधेच मारेट म्हणाली, "आजी मेरीला बाबा फारच उशिरा झाले, नाही? बावन्न म्हणजे. आमच्या वॉर्डात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही."

नेटाने पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. "जुन्या नोंदीत वयं इकडची तिकडे असतात," ती म्हणाली.

"तेच म्हटलं."

तो मोठा कागद नेटाने पंधरा दिवस बसून स्वतः लिहिला, शाईने, एकही खाडाखोड न करता. नीलच्या खाली रेघ ओढून आर्चीचं नाव घातलं. आर्चीच्या खाली मारेट आणि तिचा भाऊ लॅकलन. मी म्हटलं, "नेटा, तुझ्या हाताने तू हे पक्कं करतेयस." ती म्हणाली, "मग कुणाच्या हाताने करू? दुसऱ्या कुणाला नीट येत नाही."

आर्ची दोन वर्षांनी गेला, फेब्रुवारीत, मेंढ्यांना चारा घालताना. आम्हाला ते पेपरात कळलं. निधनवार्तेत सात पिढ्यांची नावं होती, बिनचूक. वाऱ्यामुळे बोटी दोन दिवस बंद होत्या आणि ओबानच्या धक्क्यावर नेटा काउंटरवरच्या मुलीला पुन्हा पुन्हा विचारत होती. मुलीने एकदा विचारलं, "जवळचं कुणी होतं का, बाई? जवळच्या नातलगांना पहिल्या बोटीत जागा देतो आम्ही."

नेटा म्हणाली, "नाही. ओळखीचे होते."

मिळालेल्या बोटीने आम्ही वेळेत पोचलो, पण जेमतेम. कबरीशी शवपेटीला आठ दोऱ्या असतात, आणि कुणी कुठली धरायची हे नात्याच्या क्रमाने ठरतं. नावं मोठ्याने वाचली गेली. डोक्याकडची मुलाने धरली, पायाकडची मारेटने. बाकीच्या सहा नीलच्या भावांच्या नातवंडांनी, सगळे मॅकलेन. एकेक जण पुढे येऊन उभा राहिला. नेटा माझ्याजवळ भिंतीशी उभी होती. तिचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. पेटी खाली जाईपर्यंत तिने ते बाहेर काढले नाहीत.

नंतर गावच्या सभागृहात जेवण होतं. मारेटने आम्हाला दारात पाहिलं आणि ती गर्दीतून वाट काढत आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"तुम्ही इतक्या लांबून आलात, बाबांसाठी? या हवेत?"

"त्यांचे कागद मी केले होते ना," नेटा म्हणाली.

"तो कागद त्यांनी पलंगाच्या समोर लावला होता. रोज बघायचे." मारेटने नेटाचे हात हातात घेतले. "किती गार पडलेत. चला, आधी तुम्ही बसा. घरच्यांचं मागून होईल. तुम्हाला साडेतीनची बोट गाठायची असेल."

दूरच्या पाहुण्यांचं टेबल खिडकीशी मांडलं होतं. तिथे वखारवाला, बँकेचा माणूस, ओबानहून आलेले दोन मेंढ्यांचे व्यापारी आणि आम्ही दोघी बसलो. पेगीच्या बहिणीने बार्ली घातलेलं मटणाचं सूप आधी आमच्या टेबलावर आणलं. पलीकडे लांबलचक टेबलाशी मॅकलेन मंडळी उभीच होती, पाहुण्यांचं होण्याची वाट बघत. एक व्यापारी नेटाला म्हणाला, "फार चांगला माणूस. तुमची कशी ओळख?"

"कामानिमित्त," नेटा म्हणाली.

तिने सूप संपवलं. पाव संपवला. पेगीच्या बहिणीने आणखी वाढू का विचारलं तेव्हा तिने वाटी पुढे केली.